क्लच केबलला उजवा कौल

...व्हय व्हय, हसा! उशीर झाला म्हणून हसा! "मंगलवहिनींचं घर दोन गल्ल्या पलीकडं, आणि येतात सगळ्यांच्या शेवटी," म्हणून मघापासनं एकमेकीला कोपरं मारताय, ते मला दिसत न्हाय वाटतं? अवो, मी घरातनं कवाच निघालेय! मार्गशीर्षाचा शेवटचा गुरुवार, तुमच्या हळदीकुंकवाला सगळ्यांत आधी पोचायचं म्हणून घटापुढच्या समईत तेल घातलं, देवीला म्हटलं, आई, जरा घराकडं लक्ष ठेव, आलेच, आणि उंबरा ओलांडला. आणि पोचले कवा? मसाला दुधावर साय धरल्यावर! बरं, मधी एकदा तुम्ही फाटकात उभ्या राहून मला हात केलात. केलात का न्हाय? मी बी तुम्हाला हात केला. आणि तशीच पुढं निघून गेले. तुम्हाला वाटलं असंल, मंगलवहिनी रुसल्या. अवो, मी कशाला रुसू? मी मोटरसायकलवर होते! खासबागेतल्या बाईला खासबागेत यायला वडगाव बघून यावं लागतं, शहापूरचा बाजार बघून यावा लागतो, निम्मं बेळगाव पालथं घालावं लागतं, असं सांगितलं तर कुणाला पटंल? का म्हणून मला विचारू नका, पुढं बसणाऱ्याला विचारा. मी आपली मागं बसणारी, मी काय बोलणार?

न्हाय, पण आता विचारलंच आहे तर सांगते. थोडक्यात सांगते. दूध राहू दे तिथंच, निवू दे.

आमच्या मालकांचं नाव तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मला बी ठाऊक आहे. पण मी घेत न्हाय. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, पुरं झालं. आता अडचण बघा काय आहे... आमच्या सासरच्या गावचा देव, निपाणीच्या अंगाला घाट उतरून आत गेलं की गाव, तिथला तो जागृत देव, त्याचं नाव आणि ह्यांचं नाव एकच! आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, त्याच देवाला नवस बोलून मुलगा मागितला, देवानं दिला, म्हणून त्याचंच नाव ठेवलं. त्यांचं काम झालं. पण सुनंनं देवाला हाक कशी मारायची, ह्याचा कुणी विचार केला? सगळ्या गावाच्या बाया कशा मोकळ्या गळ्यानं देवाचं नाव घेऊन हात जोडतात, आणि मी म्हणते, "तेजस्वीच्या पप्पांच्या नावाच्या देवा, पाव रं बाबा!" लांबलचक होतं. पण देव समजूतदार आहे. आजवर माझी हाक दुसऱ्याच्या पत्त्यावर गेलेली न्हाय.

तर गेल्या वर्षीच्या दिवाळीत आकाशकंदील लावायला हे स्टुलावर चढले. मी म्हटलं, अवो, स्टूल हलतंय. "तू गप गं, धर तेवढं." धरलं. मी स्टूल धरलं, पण स्टुलानं ह्यांना धरलं न्हाय! डावं मनगट. प्लास्टर घातलं, प्लास्टर काढलं, पण हातात जोर म्हणून न्हाय. दवाखान्यात एक स्पंजचा चेंडू दिला, दाबत बसा म्हणाले. हे चेंडू दाबायचे आणि चेंडू जसाच्या तसा, ह्यांच्याकडं बघून हसल्यासारखा! आणि आमच्या ह्यांना लिंबू लागतं, बघा. वरणावर लिंबू, पोह्यावर लिंबू, नुसत्या भाकरीवर सुद्धा लिंबू. उजवा हात जेवणात, म्हणून पिळायचं ते डाव्या हातानं, लहानपणापासनंची सवय. मी ताटात फोड वाढायची, हे पिळायला बघायचे, थेंब पडायचा न्हाय. मग हळूच फोड ताटाच्या कडेला सारायचे आणि म्हणायचे, "आज आंबट नको वाटतंय." ज्या माणसाच्या तोंडनं लग्नापासनं कधी आंबट नको असं ऐकलं न्हाय, त्यानं असं म्हटल्यावर मी बी माझी फोड कडेला सारली!

आणि मोटरसायकल जिन्याखाली उभी. फॅक्टरीला जायचं ते बसनं. रविवार आला की गाडी पुसायची उजव्या हातानं, लख्ख, आरशासारखी. मग स्टँडवरच वर चढून बसायचं, डाव्या हातानं क्लच धरायचा, दाबून बघायचं... दाबला जायचा न्हाय. मग तसंच बसून राहायचं. तोंडानं तेवढं ब्रूम ब्रूम करत न्हवते. मी खिडकीतनं बघायची आणि आत येऊन देवापुढं बसायची. बाई काय करणार? बाई नवस बोलणार!

पण नवस बोलावा कसा? नारळ म्हणावा, साडी-चोळी म्हणावी, पाच जणींना जेवण म्हणावं. झालं, सुटसुटीत! पण माझी जीभ! ती सुटली की सुटली. मी म्हटलं, "तेजस्वीच्या पप्पांच्या नावाच्या देवा, त्यांचा हात बरा कर. हात बरा झाला की ते ह्याच गाडीवरनं, ह्याच डाव्या हातानं क्लच दाबत, मला मागं बसवून तुझ्या पायरीपातूर येतील, आणि वाटंत चालत्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागणार न्हाय." ते शेवटचं काय गरज होती हो म्हणायची? देवानं मागितलं होतं का? आमची तेजस्वी इंजिनिअरिंगला आहे, ती कपाळाला हात लावून म्हणाली, "मम्मी, अटी आणि शर्ती सगळ्या तूच घातल्यास! आणि पप्पा, सरळ स्कूटी घ्या, तिला क्लचच नसतो!" म्हटलं, बाई, देवाला मी क्लच कबूल केलाय, आता स्कूटीवरनं गेले तर देव म्हणंल, ही बाई शब्दाला फिरली. "मम्मी, देवाला क्लच म्हणजे काय ते कळतं का?" न्हाय कळत कसं? माणसाचा हात ज्यानं केला, त्याला हातात काय धरलंय ते कळणार न्हाय व्हय?

आणि देवानं ऐकलं, बरं का! पाडव्याला गुढीचा दोर ह्यांनी डाव्या हातानं ओढून बांधला. मी बघितलं, ते बी मी बघितलेलं बघत होते. त्याच आठवड्यात शहापूरची नवी साडी, ओटीचं सामान, नारळ असं सगळं पिशवीत भरलं आणि आम्ही निघालो. मी मागं. साडी नेसलेली बाई मागं बसते ती कशी बसते? एका अंगावर. तोंड डावीकडं. म्हणजे हे कुठं चाललेत ते मला दिसत न्हाय, मला दिसतं ते शेतं, ढाबे, म्हशी, असं एका बाजूचंच जग. तर काकतीच्या पुढं गेलो, पुढं ट्रक, ह्यांनी क्लच दाबला, आणि तट्टदिशी आवाज! गाडीनं अशी उडी घेतली की नारळ पिशवीतनं बाहेर आणि मी पिशवीत जायची तेवढी राहिले! क्लचची केबल तुटली. आता केबल तुटली तर माणूस केबलीकडं बघंल का न्हाय? हे बघत बसले हाताकडं. उलटा करून, सुलटा करून. मी विचारलं, काय झालं हो? तर म्हणाले, "न्हाय, काय न्हाय."

नवी केबल टाकली. पंधरवडाभर बरी चालली, मग क्लच जड व्हायला लागला. जड, अजून जड... हे रोज संध्याकाळी घरी आले की मनगट चोळत बसायचे. परत मुहूर्त बघून निघालो. ह्या खेपेला संकेश्वर ओलांडलं, माझ्या जिवात जीव आला, म्हटलं आता तवंदीचा घाट तेवढा उतरला की देव समोर... आणि घाटाच्या तोंडाला, तट्ट! संकेश्वरच्या मिरच्यांचा एक टेंपो रिकामा परत चालला होता, त्यात गाडी घातली आणि गाडीबरोबर आम्ही. मिरच्या उतरल्या होत्या, पण तिखट उतरलं न्हवतं! बेळगाव येईस्तोवर आम्ही दोघं शिंकतोय, डोळ्यांतनं पाणी, आणि त्या पाण्यातच हे मला म्हणाले, "मंगल, केबलचं निमित्त गं. हातच गेलाय माझा. दाबताना कळतंय की मला. देवाला माझा हात नको असंल. गाडीला गिऱ्हाईक बघतो." मला कळंना, हे मिरचीचं पाणी का डोळ्यांचं. आणि विचारायचं कसं? मी आपली मागं बसणारी, मी काय बोलणार?

घरी आल्यावर तो स्पंजचा चेंडू उचलून कपाटात टाकला. मी सकाळी काढून उशाशी ठेवायची, संध्याकाळी तो परत कपाटात. असा आमचा चेंडूचा खेळ चालला होता.

पण गाडी विकायची तरी केबल घालूनच विकायची ना? म्हणून यमनाप्पाकडं नेली. आपला कोपऱ्यावरचा मेस्त्री हो, त्याचं निम्मं बोलणं कानडीत आणि निम्मं मराठीत, आणि कळतं सगळं. म्हटलं, मी बी येते. तेजस्वी बी आली. यमनाप्पानं हेडलाइटच्या मागं डोकं घातलं, तुटलेली केबल बाहेर काढली, आणि कट्ट्यावर पडलेली मागच्या खेपेची जुनी केबल उचलून दोन्ही माझ्या नाकापुढं धरल्या. "इल्ली नोड्री आक्का, हितं बघा. दोन्ही एकाच जाग्याला तुटल्यात. मागं कवातरी हँडल बदललंय, तवा कुणीतरी केबल अशी मान मुरगाळून बसवलीया, आन् मी बी नवी त्याच वाटंनं घातली. लोखंडाला घासतीया. आतली तार एकेक करून तुटत जाती, तसा क्लच जड जड हुतो, आन् एक दिवस खल्लास!" मी म्हटलं, म्हणजे हाताचा काय संबंध न्हाय? "हात? अवो, रवळूअण्णाच्या जागी पैलवान बसवला असता तरी त्यो बी मनगट चोळत घरी गेला असता!"

बघा, यमनाप्पाला नाव घ्यायला किती सोपं! तर मी हळूच ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी नुसतं, "चांगला माणूस हाय यमनाप्पा, मन राखून बोलतोय," असं म्हटलं आणि तोंड फिरवलं. म्हणजे आता नुसत्या बोलण्यानं पटणारं न्हवतं. क्लच मऊ लागला तरच पटणार!

म्हटलं, बाबा यमनाप्पा, मग कर की सरळ. तर म्हणतो, "केबलीचा रस्ता बदलायला पायजे आक्का. मोठा गोल वळसा द्यायचा, आवळून बांधायची न्हाय, घासंल तिथं रबराची नळी चढवायची. पण रस्ते दोन हाईत. गाडीच्या मानेच्या बलगडे, न्हायतर येडगडे." आता मी पलीकडची, कागलची. कानडी मला अजून अडखळतच येतं. सुरुवातीला हा येडगडे म्हणायचा तेव्हा मला वाटायचं, हा मला येडी म्हणतोय! दोन वर्षं मी त्याच्या दुकानापुढनं पदर घेऊन, मान खाली घालून जायची. मग कळलं, येडगडे म्हणजे डावीकडं आणि बलगडे म्हणजे उजवीकडं. "बलगडेनं नेली तर वळसा झकास बसतो, पण हँडल डावीकडं पुरतं फिरवलं की केबलीला ओढ लागंल. येडगडेनं नेली तर ओढ न्हाय, पण परत घासायची भीती. तुमीच सांगा कशी घालू. परत तुटली तर यमनाप्पाच्या नावानं वरडायचं न्हाय!"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "घाल कुठनंबी. इकायचीच हाय." तेजस्वीकडं बघितलं. ती म्हणाली, "मम्मी, मी कॉम्प्युटरला आहे." आता राहिलं कोण? देव!

ह्या धारवाडच्या नव्या वहिनींना कदाचित ठाऊक नसंल, म्हणून सांगते. आमच्या देवाला कौल लावतात. देवाच्या दोन्ही खांद्यांना एकेक फूल चिकटवायचं, गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मला तर नवस फेडल्याशिवाय त्या पायरीला तोंड दाखवायचं न्हवतं. म्हणून आत्याबाईंना फोन लावला. आत्याबाई गावाकडंच असतात. त्या तशाच देवळात गेल्या आणि तेजस्वीनं व्हिडिओ लावून दिला. दिसायला लागलं! आधी आत्याबाईंचं कपाळ. मग एक नाकपुडी. मग देवळाचं छत. "आजी, फोन फिरवा! फोन फिरवा!" आजी स्वतःच फिरल्या, फोन तसाच! मग एकदाचा जोतिबा गुरव दिसला, आणि त्यानं प्रश्न ऐकून देवापुढंच डोक्याला हात लावला. "वैनी, देवाला लगीन इचारा, पेरणी इचारा, हरवलेली म्हस इचारा! वायर कुठनं न्यायची हे देवाला इचारत्यात व्हय? देव काय लाइनमन हाय?" म्हटलं, गुरवआप्पा, तुम्ही फक्त विचारा. सांगायचं का न्हाय ते देव बघंल.

त्यानं फुलं लावली. उजवं पडलं तर केबल उजवीकडनं, डावं पडलं तर डावीकडनं. डोळे मिटले. गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, तुजं लेकरू अडलंया, केबल तुटलीया, तिला वाट दाव म्हाराजा..." इकडं यमनाप्पानं पाना खाली ठेवून हात जोडले. पंक्चर काढायला आलेल्या एका माणसानं डोक्यावरचं हेल्मेट काढून हात जोडले. मी तर डोळे गच्च मिटून घेतले. आणि फोनमधनं आत्याबाई ओरडल्या, "पडलं! पडलं! उजवं पडलं गं मंगल! उजवा कौल!"

मी तिथंच, गॅरेजमधी, त्या ऑइलात गुडघे टेकले. साडीवर अजून डाग आहे, दाखवीन कवातरी. आणि मी उठतेय तवर यमनाप्पा म्हणतो, "उजवा म्हंजे कुणाचा उजवा?"

झालं! "देवाचा उजवा का बघणाऱ्याचा उजवा? देव आपल्याकडं तोंड करून असतोय, म्हंजे त्याचं बलगडे ते आपलं येडगडे!" फोनमधनं गुरव ओरडला, देवाचाच धरत्यात! आत्याबाई म्हणाल्या, माझ्या चुड्याच्या बाजूचं. दोन्ही हातांत चुडा! तेजस्वी म्हणाली, "आणि मम्मी, कॅमेरा पुढचा चालू असला तर सगळं उलटं दिसतं." पंक्चरवाला म्हणाला, गाडीचं कुठलं धरायचं? बसल्यावरचं का समोर उभं राहिल्यावरचं? ज्याला त्याला हात वर करून आपापला उजवा दाखवायचा होता. लांबनं बघणाऱ्याला वाटलं असंल, यमनाप्पाच्या दारात कवायत चालली आहे. आणि सगळे शेवटी माझ्याकडं बघायला लागले, मंगलवहिनी, तुम्ही सांगा! मी काय सांगू? मी आपली मागं बसणारी...

आणि तेवढ्यात आमचे हे बोलले. सकाळपासनं पहिल्यांदा मान वर करून. तसेच उठले, गाडीवर चढून बसले, उजवा हात वर केला आणि म्हणाले, "देवाचा उजवा, त्यो माझा उजवा. आमचं नाव एकच हाय."

सगळ्यांचे वर केलेले हात खाली आले! गुरव सुद्धा फोनमधनं म्हणाला, "व्हय, हे मातर बरोबर."

मग यमनाप्पानं केबल उजवीकडनं नेली. कशी नेली! ऐसपैस गोल वळसा, कुठं आवळलेलं न्हाय, कुठं टेकलेलं न्हाय, लोखंडाजवळ जुन्या नळीचा तुकडा चढवलेला, तेलाचे थेंब आत सोडलेले. "दाबा रवळूअण्णा." ह्यांनी डाव्या हाताची बोटं क्लचवर ठेवली. मी देवाचं... म्हणजे तुम्हाला कळलं कुणाचं, नाव मनात सुद्धा न घेता धावा करत होते. दाबला. आणि बायांनो, तो क्लच असा गेला हो आत, लोण्यात बोट गेल्यासारखा! ह्यांनी सोडला. परत दाबला. सोडला. दाबला. हाताकडं बघितलं, मग यमनाप्पाकडं, मग माझ्याकडं. आणि म्हणाले, "मंगल, केबलच हुती गं." एवढंच! आणि नाकाखाली हात नेऊन उगीच मिशी पुसल्यासारखं केलं. मी बी उगीच पिशवी आवरली.

यमनाप्पानं तेवढं बजावलं, "हँडल डावीकडं पुरतं वळवायचं न्हाय हं. ओढ लागून क्लच आपोआप दाबला जातोय, इंजिन नुसतं वरडंल, गाडी जागची हलणार न्हाय. लांब केबल मागवलीया, आली की बदलून दीन. तवर डावीकडं बेतानं." ह्यांनी ऐकलं का? ह्यांनी गाडी कवाच सुरू केली होती!

दुसऱ्या दिवशी निघालो. काकती गेली, तट्ट न्हाय. संकेश्वर गेलं, तट्ट न्हाय. हे तर गरज नसताना क्लच दाबत होते, नुसतं दाबायचा म्हणून! तवंदीच्या घाटात मी इतक्या देवांना हाका मारल्या की कुणाची हाक कुणाला गेली देव जाणे, पण घाट उतरलो आणि केबल जिथल्या तिथं. गाव आलं. आता देवळाकडं वळायचं, डेअरीच्या कोपऱ्यावरनं, बोळात, कुठं? डावीकडं! तो बोळ असा कोयत्यासारखा वळलेला. ह्यांनी हँडल पुरतं फिरवलं आणि इंजिन लागलं बोंबलायला, गाडी जागच्या जागी! लोक धावत आले, "रवळूमामा, ढकलू काय? आलो, आलो!" मी कधी न्हाय ते ओरडले, "हात लावू नका! कुणी हात लावायचा न्हाय! नवस आहे!" लोक असे मागं सरले, जणू गाडीत करंटच सोडलाय.

मग हे काय करतात? म्हणाले, "डावीकडं जमत न्हाय तर उजवीकडं जाऊ. बस नीट." आणि गाडी उजवीकडं घातली, गावाबाहेरनं, उसाच्या कडेनं, शाळेवरनं, टाकीवरनं, प्रत्येक वळणाला उजवीकडं, अख्ख्या गावाला वळसा! लोकांना वाटलं, हा काही तरी मोठा नवस आहे, गाडीवरनं गावप्रदक्षिणा! कुणी चाकावर तांब्याभर पाणी ओतलं, कुणी नारळ वाढवला, एका म्हातारीनं तर चालत्या गाडीवर मला हळदीकुंकू लावायला बघितलं, कुंकू सगळं कानात गेलं! आणि शेवटी पलीकडच्या बाजूनं, उजवीकडं वळून, गाडी बरोबर पायरीपाशी येऊन थांबली. हे उतरले, आणि त्यांनी पायरीवर हात टेकला. डावा हात. आता देवाला डावा हात लावू नये, हे काय त्यांना ठाऊक न्हवतं? जोतिबा गुरवानं बघितलं. बघितलं, आणि समई सारखी करायची म्हणून तोंड पलीकडं फिरवलं. मी जिथल्या तिथं उभी. ओटी हातात तशीच.

इथंच संपायला पाहिजे होतं बघा. किती छान संपलं असतं! पण आत्याबाईंनी मला बाजूला ओढलं, आणि कानात, त्या कुंकवानं भरलेल्या कानात म्हणाल्या, "मंगल, कुणाला बोलू नगं. त्या दिवशी फूल पडलं न्हवतं गं. फोन धरून वाकले, आन् माझा पदर लागला." म्हटलं, अवो आत्याबाई! मग गुरवआप्पा? "त्येचं डोळं मिटलेलं हुतं." आणि तुम्ही ओरडलात ते? "आता पडलं ते पडलं की! मला वाटलं, देवानंच माझा पदर वापरला असंल." आणि पदर कुठल्या बाजूला लागला? "ते म्या बघितलं न्हाय, फुलं दोन्ही खाली आली हुती. बाई, उजवा म्हटलेलं चांगलं म्हणून उजवा म्हटलं!"

मी वळून बघितलं. तर आमचे हे डेअरीच्या लोकांना गोळा करून गाडीपाशी उभे होते, एकेकाला बोट धरून क्लच दाबायला लावत होते. "बघ, बघ कसा हाय! देवानं सोता दिलेला रस्ता हाय ह्यो!" त्या चेहऱ्याकडं बघून कुणाची जीभ उचलंल सांगा? मी काय बोलणार? तुम्हाला म्हणून सांगितलं, हां. ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.

आता पुढचं सांगते, म्हणजे उशीर का झाला ते कळंल. यमनाप्पाची लांब केबल आली. दोनदा निरोप आला, तिसऱ्यांदा तो स्वतः केबल घेऊन दारात आला. ह्यांनी त्याला चहा पाजला आणि केबलीसकट परत पाठवला. "देवानं कौल दिलाय. ह्यो रस्ता बदलायचा न्हाय." म्हणजे आता आमची गाडी जन्मभर उजवीकडं! हमरस्त्याला हळूच जाते डावीकडं, पण आपल्या खासबागेच्या बोळांत कुठली? भाजी आणायची तर उजवीकडनं, दळण आणायचं तर उजवीकडनं, तेजस्वीला स्टॉपवर सोडायचं तर ती म्हणते, "पप्पा, मी चालत जाते, मला आज कॉलेजला पोचायचं आहे." आणि मला मात्र चालायची सोय न्हाय! चप्पल पायात घातली की गाडी दारात. "बस गं, चालत कशाला जातीस, हात हाय की माझा!" हात हाय म्हटल्यावर न्हाय कसं म्हणणार हो? आणि लिंबू! आता कशावर बी पिळतात. वरणावर, पोह्यावर, उपासाच्या खिचडीवर, काल तर शिऱ्यावर! डाव्या हातानं, फोडीची साल अशी पार उलटी होईस्तोवर. बिया सुद्धा आत. मी आपली बिया वेचते आणि खाते. आंबट आहे, पण चालतं.

...थांबा, हॉर्न! आले वाटतं मला न्यायला. द्या ते केळं, ती ओटी द्या, येते हं... अगं बाई! गेले पुढं. हात केला, आणि गेले!

तुमचं फाटक डाव्या हाताला पडतं ना. बोळ अरुंद, मधीच थांबलं तर मागचं सगळं अडतंय, आणि आत वळायचं तर डावीकडं! मघाशी मला सोडताना असंच झालं, दोन फेऱ्या झाल्या आणि शेवटी मी चालत्या गाडीवरनं उतरले. दिसतं हो सगळं, साडीत एका अंगावर बसते मी, तोंड माझं कायम डावीकडं, त्यामुळं जिथं जायचं आहे ते ठिकाण अगदी नीट, डोळाभर दिसतं. फक्त गाडी तिकडं वळत न्हाय.

बसते. वडगावला जाऊन येईस्तोवर वेळ आहे. ते दूध गरम करून आणा बघू.